काळा जार

देसूरच्या भट्टीवरनं आली ती, आईच्या कडेवर,
चार वर्षांची, नाव फुलेसरी,
हातापायाच्या काटक्या आणि पोट मात्र
भरल्या घागरीगत.
शांतव्वा म्हणाली, यव्वा, जंत असतील.

आई बोलत होती तिच्या मुलखाच्या बोलीत,
मुकादम त्याचं हिंदी करायचा,
मी हिंदीचं मराठी, मनातल्या मनात,
मग मराठीचं कन्नड, अंगडी मॅडमसाठी.
इतक्या ओंजळींतून जाताना
पाणी सांडणारच की.

"काला जार," आई म्हणाली.
दोनदा म्हणाली.
मी विचारलं, कसला जार? पाण्याचा?
भट्टीवर येतात ते, वीस लिटरचे?
मुकादमानं मान हलवली.
मी कागदावर लिहिलं : दूषित पाणी पिण्यात.

त्या एका ओळीवर
टायफॉइडची औषधं नऊ दिवस चालली.
ताप रोज दिवेलागणीला हजर.
मॅडम बरगडीखाली बोटं लावायच्या,
चार बोटं, मग पाच,
आणि पाणथरीच्या कडेनं
निळ्या बॉलपेननं रेघ ओढायच्या.
रेघ बेंबीकडं सरकायची.
(आमच्या भागातल्या रेघा सरकत नाहीत,
त्या कोर्टात आहेत.)

मग कुणी तरी कॅन्सर म्हणालं.
हाडात सुई घातली तेव्हा
फुलेसरी रडली नाही,
माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या मोजत राहिली,
तिला तीनपर्यंतच येत होतं,
तीन झाल्या की पुन्हा एक.

पिराजी लाड सूक्ष्मदर्शकावरनं मान वर काढेना.
ते ठिपके त्यानं एकदाच बघितलेले,
डिप्लोम्याच्या वर्षी, पुस्तकात.
"हे आपल्याकडं नसतंय," तो म्हणाला,
आणि परत डोळा लावला.

आपल्याकडं नसतंय.
म्हणून तपासायची पट्टी कपाटात नाही,
औषध यादीत नाही,
आणि आईनं नाव सांगितलं
तरी ऐकायला कान नाही.

मॅडमनी ते नाव मोठ्यानं वाचलं.
मी ट्रे खाली ठेवला.
मला तो जार दिसत होता, पाण्याचा,
माझ्याच अक्षरात.

औषध बेंगळूरूहून आलं रात्रीच्या बसनं,
थर्माकोलच्या खोक्यात.
ड्रायव्हर म्हणाला, हावेरीला बर्फ बदलला हं,
चहावाल्याकडनं घेतला.
त्याचं नाव विचारायचं राहिलं.

डोस वजनावर असतो.
काटा म्हणाला, नऊ किलो.
त्यातलं मूल किती, पाणथरी किती,
हे काटा सांगत नाही.
दोन कुप्या फोडल्या, दुसरीत थोडं उरलं,
ते टाकून देताना हात आखडला.
सलाइनमध्ये मिसळायचं नाही, ग्लुकोजमध्येच :
हे मी तीनदा वाचलं, मोठ्यानं,
एकाच भाषेत.

दोन तास थेंब.
मध्येच हुडहुडी भरली, दात वाजायला लागले,
आईनं पदर काढून पायांवर टाकला
आणि माझ्याकडं बघितलं.
त्या बघण्याचं काही भाषांतर करावं लागलं नाही.

चौथ्या दिवशी ताप नाही.
पाचव्या दिवशी तिनं भात मागितला, मिठाचा.
आठवड्यानं नवी रेघ
जुनीच्या अर्धं बोट वर.
मॅडमनी पेन खिशाला लावलं,
आणि खिडकीशी उगाच उभ्या राहिल्या.

सहा महिन्यांनी दाखवायचं,
हे मी आईला स्वतः सांगितलं,
मुकादमाला बाहेर बसवून,
बोटांवर महिने मोजून.
परत उलटू शकतो, कातडीवर डाग येऊ शकतात.
डाग कसा दाखवायचा?
मी पेननं माझ्या मनगटावर काढला.
तिनं तो अंगठ्यानं पुसून बघितला.

पावसाआधी भट्टी बंद झाली.
फोन लावला की बाई सांगते, बंद आहे,
आधी कन्नडात, मग हिंदीत, मग इंग्रजीत.
नोंदवहीत सहाव्या महिन्याचा चौकोन
कोरा आहे. मी तिथं रेघ मारलेली नाही.

वॉर्डात पाणी घेऊन पोरगा येतो,
सोमवार, गुरुवार.
"अक्का, जार कुठं ठेवू?"
सही करताना मी दर वेळी त्याचा रंग बघते.
निळा असतो.